बुधवारच्या टेबलावरचा रिकामा दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. झेंडा लावायचा, पण मैदानावरचा नव्हे, टेबलावरचा. तुमच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी माझी उंची. खाली वाटोळी बैठक, त्यावर पांढरा रंग दिलेला सरळ सोट, माथ्यावर पितळेची गोळी आणि गोळीखालून ओवलेली एक बारीक दोरी. एवढेच माझे शरीर. डेन्मार्कमधील एका विद्यापीठात दर हिवाळ्यात जगातल्या घडामोडींवर एक व्याख्यानमाला होते. तिच्या टेबलावर, पाण्याच्या सुरईशेजारी माझी जागा आहे.

पूर्वी माझ्यावर दर बुधवारी नवा झेंडा चढत असे. आता मी बहुतेक वेळा रिकामा उभा असतो. नवीन आलेली माणसे विचारतात, ही काठी इथे कशाला? तेव्हा मला लाज वाटते. मला पाय असते तर मी टेबलाखाली गेलो असतो. पण ती लाज कशाची, हे तुम्हाला कळले तर बरे. म्हणून सांगतो.

माझा जन्म बंदराजवळच्या एका लाकूडकाम करणाऱ्या माणसाच्या दुकानात झाला. त्याचे नाव गुडमुंड. तो खुर्च्यांचे पाय आणि जिन्याचे कठडे कातून देत असे. एके दिवशी विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक आस्गर ब्रान्स्ट्रुप त्याच्याकडे आले आणि टेबलावर ठेवायचा एक चांगला दांडा मागितला. गुडमुंड म्हणाला, वाढदिवसासाठी का? आमच्याकडे हा प्रश्न साहजिक आहे. इथे प्रत्येक घरात माझा एखादा भाऊबंद असतोच. कोणाचा वाढदिवस असला की सकाळी टेबलावर केक येतो, आणि केकच्या शेजारी लाल कापडावर पांढरा क्रॉस असलेला देशाचा झेंडा. आजी गावाहून आली, मुलगा परीक्षा पास झाला, आजोबा दवाखान्यातून घरी परतले, की लगेच झेंडा. नाताळच्या झाडावरसुद्धा इवल्या झेंड्यांच्या माळा असतात. इथल्या मुलाच्या मनात झेंड्याला केकचाच वास असतो. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. पुढे जे झाले ते यातूनच झाले.

आस्गर म्हणाले, वाढदिवसासाठी नाही, पाहुण्यांसाठी. ते एक व्याख्यानमाला सुरू करणार होते. त्या काळी युरोपची दोन शकले झाली होती आणि मध्ये तारेचे कुंपण होते. अलीकडच्यांना पलीकडचे माहीत नसे. आस्गर यांना वाटे, जगाविषयीची चर्चा फक्त विद्वानांपुरती राहू नये. पावावाल्याला आणि परिचारिकेलाही ती ऐकता यावी. म्हणून व्याख्याने बुधवारी दुपारनंतर ठेवली आणि दरवाजा सगळ्यांना उघडा ठेवला. पाहुणा ज्या देशाचा, त्या देशाचा छोटा झेंडा टेबलावर लावायचा, ही कल्पनाही त्यांचीच. आपण वाढदिवसाला जे करतो तेच पाहुण्याला करू, म्हणजे त्याला घरी आल्यासारखे वाटेल, असे ते म्हणत.

आस्गर यांच्या पत्नी राग्ना झेंडे शिवत. तळहाताएवढे झेंडे, पण शिवण अशी की उलटी बाजू कोणती ते कळू नये. इस्त्री करून ते एका रुंद, उथळ खणात ठेवलेले असत. देश फुटले की त्या खणात गर्दी होई. एका वर्षी पूर्वेकडे इतके देश एकदम जन्मले, की राग्ना म्हणाल्या, "नकाशा काढणाऱ्यांना सांगा, जरा दमानं घ्या. माझा दोरा संपलाय." त्या हिवाळ्यात त्यांनी बेलारूस नावाच्या नव्या देशाचाही झेंडा शिवला. पांढरा, मधोमध लाल पट्टा. काही वर्षांनी त्या देशाने झेंडा बदलला आणि लाल-हिरवा घेतला. मग तो नवा झेंडा दुकानातून आणला गेला. जुना मात्र कोणी फेकला नाही. झेंडा फेकायचा नसतो, जमिनीला टेकू द्यायचा नसतो, असे इथे लहानपणापासून शिकवतात. तो खणाच्या तळाशी गेला आणि तिथेच राहिला.

माझे ते दिवस चांगले होते. व्याख्यानाआधी सगळे श्रोते उभे राहून एक गाणे म्हणत. निळ्या पुठ्ठ्याच्या गाण्यांच्या पुस्तकातून, आवाज असो वा नसो. ही इथली जुनी रीत आहे. पाहुण्याला भाषा येत नसे, तो नुसता हसत उभा राही आणि त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर येई. आपला झेंडा पाहून त्याचा चेहरा उजळे. दूरच्या महासागरातल्या एका लहानशा बेटावरचे गृहस्थ एकदा आले होते. समुद्राची पातळी वाढली तर त्यांचे बेट बुडणार होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, आमचा झेंडा माझ्या देशाबाहेर मी पहिल्यांदाच पाहतो आहे. राग्ना तेव्हा शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला. तो फार वाटला, हे आता कळते.

चूक कधी झालीच नाही असेही नाही. एकदा नेदरलंड्सच्या बाईंसाठी लक्झेंबर्गचा झेंडा लागला. दोन्ही सारखेच दिसतात. बाई हसल्या, सभागृह हसले आणि प्रकरण कॉफीबरोबर संपले. अशा चुका हसण्यावारी जातात, अशी आमची समजूत झाली.

पुढे आस्गर गेले, राग्नाही गेल्या. मोठा पडदा आला, त्यावर नकाशे आणि आलेख दिसू लागले. कोणाला तरी मी जुनाट वाटलो. माझी रवानगी खुर्च्या ठेवण्याच्या खोलीत झाली, मोडक्या पंख्याच्या मागे. कितीतरी हिवाळे मी तिथे काढले. दाराच्या फटीतून गाण्याचा आवाज येई, पण मला बोलावणे येत नसे.

मला तिथून बाहेर काढले ते विबेके क्रो यांनी. त्या आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवतात आणि व्याख्यानमालेची समिती त्यांच्याकडे आहे. उंच, मोजके बोलणाऱ्या, वेळेच्या पक्क्या. त्यांनी माझ्यावरची धूळ आपल्या मफलरने पुसली आणि मला एब्बे यांच्या हाती दिले. एब्बे निवृत्त शाळामास्तर. समितीतले सर्वांत वयस्कर आणि सर्वांत बोलके. त्यांनी माझी पितळी गोळी लिंबाने घासली, दोरी बदलली, खणातले झेंडे पुन्हा इस्त्री केले. आमच्याकडे प्राध्यापकालाही नावानेच हाक मारतात, त्यामुळे दोघांचे बोलणे मोकळे असे. विबेके म्हणत, "एब्बे, अरे, तू व्याख्यान ऐकायला येतोस की झेंडे बघायला?" ते म्हणत, "झेंडे बघायला. व्याख्यानं तर तुझी वर्षभर ऐकतोच की."

आता त्या बुधवारचे सांगतो.

फेब्रुवारी महिना होता. बाहेर खाडीवर धुके होते. पाहुण्या म्हणून यादविहा नावाच्या बाई येणार होत्या. त्या बेलारूसमध्ये भूगोल शिकवत. तिथल्या सरकारविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांची बाजू घेतली आणि त्यांची नोकरी गेली. आता त्या शेजारच्या देशात, लिथुआनियात राहत होत्या. त्यांच्या व्याख्यानाचा विषय होता नद्या. दोन देशांतून वाहणाऱ्या नदीचे पाणी कोणाचे, असा. राजकारणावर बोलणार नाही, एवढे त्यांनी आधी कळवले होते. विबेकेंनी होकार दिला होता. झेंड्याविषयी कोणी काही विचारले नाही आणि त्यांनीही काही सांगितले नाही. परक्या देशातल्या व्याख्यानाच्या टेबलावर आपला झेंडा असेल, हे त्यांच्या स्वप्नातही कसे येणार?

एब्बे यांनी खण उघडला. चिठ्ठीवर देशाचे नाव वाचले आणि वरच असलेला लाल-हिरवा झेंडा माझ्यावर चढवला. दोरी ओढून गाठ मारली, दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि एक सुरकुती अंगठ्याने सरळ केली.

सभागृह भरले. बुधवारी येणारे बहुतेक पेन्शनर असतात. लोकरी स्वेटर, गुडघ्यावर गाण्याचे पुस्तक, शेजारच्यासाठी कोट टाकून धरलेली खुर्ची. पहिल्या रांगेत दाग्नीबाई होत्या. त्या पूर्वी दवाखान्यात मुख्य परिचारिका होत्या आणि आता एकही बुधवार चुकवत नसत. मागे काही विद्यार्थी होते.

यादविहा आल्या तेव्हा हसत होत्या. विमानतळावर त्यांची टोपी हरवली होती आणि दाग्नीबाईंनी आपली टोपी त्यांच्यापुढे धरली होती. "घ्या हो, माझ्या डोक्यात आता थंडी शिरायला जागाच नाही," असे त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. हसतच यादविहा टेबलाशी आल्या. त्यांनी कागद ठेवले. मग त्यांनी मला पाहिले.

मित्रांनो, मी पुष्कळ चेहरे उजळताना पाहिले होते. विझताना पाहिलेला तो पहिला.

त्या विबेकेंकडे वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "हा झेंडा इथं नको. कृपा करून."

त्या झेंड्याखाली काय काय झाले होते, हे विबेकेंना माहीत होते. तोच तर त्यांचा विषय. त्यांनी त्यावर लिहिलेही होते. पण लिहिताना झेंडा कागदावर असतो, इथे तो पाहुणीच्या पाण्याच्या पेल्याशेजारी होता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात सगळे उभे राहिले, कारण गाण्याची वेळ झाली होती. विबेकेंनी एब्बे यांना खुणेने बोलावून कानात सांगितले, हा काढ, हा त्यांच्या लोकांना छळणाऱ्यांचा झेंडा आहे. एवढेच सांगितले. पुढचे सांगायला वेळ नव्हता. पाहुणीला गाण्यासाठी समोर उभे करायचे होते.

एब्बे यांनी झेंडा काढला. पाहुणीचा अपमान झाला, तोही आपल्या हातून, हे त्यांना सहन होईना. मग एकाएकी त्यांना काहीतरी आठवले. ते लगबगीने खणाकडे गेले आणि तळापर्यंत हात घालून राग्ना यांनी शिवलेला तो जुना झेंडा बाहेर काढला. पांढरा, मधोमध लाल पट्टा. त्या देशातल्या मोर्चांत लोकांच्या हातात हाच झेंडा होता, हे त्यांनी बातम्यांत पाहिले होते. गाण्याचे शेवटचे कडवे चालू होते. यादविहा श्रोत्यांकडे तोंड करून उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे. एब्बे यांनी तो झेंडा माझ्यावर चढवला. त्यांचा चेहरा वाढदिवसाच्या सकाळी पोराचा असतो तसा झाला होता.

श्रोत्यांनी पाहिले. त्यांनीही बातम्या पाहिल्या होत्या. आधी दाग्नीबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. गाण्यासाठी उभे राहिलेले लोक खाली बसलेच नाहीत. फोन वर झाले, फोटो निघू लागले. त्या टाळ्यांत एकही खोटी टाळी नव्हती, हे मला सांगितलेच पाहिजे.

यादविहा वळल्या.

मला तेव्हा काही कळले नाही. मला वाटले, आता चेहरा उजळेल. पण त्यांच्या ओठांवरचा रंगच गेला. त्यांचा उजवा हात माझ्याकडे आला, झेंड्याच्या कडेपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. त्यांनी तो काढला नाही. काढता येत नव्हता, हे मला नंतर कळले. हात मागे घेऊन त्यांनी कागद उचलला आणि नद्यांविषयी बोलायला सुरुवात केली.

त्या चांगल्या बोलल्या. आवाज सरळ होता. पण पूर्ण वेळ त्या टेबलाच्या डाव्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या. नंतर फोटो काढणाऱ्यांनी तेवढ्यासाठी जागा बदलल्या, पाहुणी आणि झेंडा एकत्र यावेत म्हणून.

व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारायचे असतात. दाग्नीबाईंनी विचारले, आम्ही तुमच्या लोकांसाठी काय करू शकतो? या प्रश्नात नेहमीसारखाच चांगुलपणा होता.

"तुम्ही फोटो काढलेत," यादविहा म्हणाल्या. "ते पुसता येतील का?"

काही जणांनी हातातले फोन मांडीवर ठेवले.

मग त्यांनी सांगितले. मोठ्याने नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे. त्यांचा धाकटा भाऊ तादेवुश तुरुंगात आहे. गॅलरीत हा पांढरा-लाल झेंडा लावला म्हणून. तुरुंगातून महिन्यातून एकदा त्याला आईशी फोनवर बोलू देतात. आई म्हातारी आहे. त्या फोनवर ती महिना काढते. बाहेर गेलेल्या नातेवाइकांचे फोटो तिकडे बघितले जातात. बहीण परदेशात या झेंड्याशेजारी उभी दिसली, तर तो फोन बंद होऊ शकतो. आणखीही काही होऊ शकते. म्हणून त्या कुठे जात नाहीत, गेल्या तर नद्यांवर बोलतात.

"पहिल्या झेंड्याबरोबर माझा फोटो निघाला असता तर माझी माणसं म्हणाली असती, ही त्यांना जाऊन मिळाली. म्हणून मी तो काढायला सांगितला. दुसरा मी कसा काढू? माझा भाऊ त्याच्यासाठी आत आहे. सगळ्यांसमोर, माझ्या हातानं?" त्यांनी पाण्याचा पेला जवळ ओढला. "तुम्ही मला एकदा विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं, नुसतं पाणी ठेवा."

मित्रांनो, त्यानंतर जे झाले त्याला हसावे की रडावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. विबेके पुढे आल्या, त्यांनी माफी मागितली आणि सर्वांना आपापले फोटो पुसायला सांगितले. पण पेन्शनर माणसांना फोटो काढता येतो, पुसता येतोच असे नाही. सभागृहाची शाळा झाली. चष्मे वर गेले, चष्मे खाली आले. "अहो, हा तर माझ्या मांजराचा गेला," असे कोणीतरी कळवळून म्हणाले आणि कोणीही हसले नाही. विद्यार्थी रांगेरांगेतून फिरून मदत करत होते. पुसलेला फोटो आणखी एका कप्प्यात जाऊन पडतो आणि तिथूनही काढावा लागतो, हे लोकांना त्या दिवशी कळले. प्रत्येक जण जाताना यादविहांना आपला फोन उघडून दाखवत होता, शाळेत पाटी दाखवावी तसा. त्या प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होत्या. आपली चूक पुसली गेली आहे, हे पाहण्याचे कामही आम्ही त्यांनाच दिले होते.

दाग्नीबाई जागेवरच बसून होत्या. त्यांनी फोटो फेसबुकवर टाकला होता. व्याख्यान सुरू होण्याआधीच. खाली लिहिले होते, 'आज आमच्या टेबलावर स्वातंत्र्य.' विबेकेंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि तो काढून टाकला. पण तोवर कोणी कोणी तो पुढे पाठवला होता. दाग्नीबाईंचा नातू, त्याचे मित्र, मग त्यांचे मित्र. धुक्यात सोडलेली होडी कुठवर गेली ते किनाऱ्यावरून कसे सांगायचे?

"मी आयुष्यभर औषधाच्या बाटलीवरचं नाव दोनदा वाचून मगच सुई टोचली," दाग्नीबाई म्हणाल्या. "आज एकदाही वाचलं नाही."

एब्बे माझ्याजवळ आले. त्यांनी झेंडा काढला, जमिनीला टेकू न देता त्याची घडी घातली. यादविहा कोट घालत होत्या. एब्बे यांना त्यांच्याकडे बघवत नव्हते, ते घडीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, झेंडा म्हणजे... आमच्याकडे वाढदिवसाला लावतात. केकपाशी."

यादविहांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचा राग गेला होता असे मी म्हणणार नाही. पण त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे अजून तसं आहे. जपा ते."

दाग्नीबाईंनी दिलेली टोपी त्या टेबलावर ठेवून गेल्या. मुद्दाम की विसरून, कळले नाही.

त्या महिन्यात तादेवुशचा फोन आला नाही.

हे विबेकेंनी समितीच्या बैठकीत सांगितले. त्यांनी यादविहांशी बोलून विचारले होते. यादविहा म्हणाल्या होत्या, तुमच्यामुळेच असे नक्की नाही. तिथे फोन कारणाशिवायही बंद होतात. हे त्यांनी विबेकेंच्या समाधानासाठी सांगितले, की ते खरेच तसे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. एब्बे म्हणाले, आपल्यामुळे झाले असे कळले असते तर निदान शिक्षा तरी भोगली असती. त्यावर विबेके म्हणाल्या, "शिक्षा भोगतंय कोण, ते एकदा आठवून बघ." पुढच्या महिन्यातही फोन आला नाही. एप्रिलमध्ये बीच नावाच्या रानातल्या झाडांना पालवी फुटली, वसंताची खूण म्हणून लोक त्यांच्या फांद्या तोडून घरात आणू लागले. तेव्हाही आला नाही.

माझे काय करायचे, यावर बराच वाद झाला. कोणी म्हणाले, दांडा परत खोलीत ठेवा. कोणी म्हणाले, आपलाच झेंडा कायम लावा, म्हणजे भांडण नाही. एक गृहस्थ म्हणाले, आपण एवढे चांगल्या मनाने केले आणि आपल्यालाच बोलणी? विबेकेंनी त्यांचे पूर्ण ऐकून घेतले. मग सांगितले की दांडा टेबलावरच राहील, पण रिकामा. पाहुण्याला आधी विचारायचे. त्याने लावा म्हटले तर लावायचा, कोणता ते त्यानेच सांगायचे. आणि हंगामाच्या पहिल्या बुधवारी, पूर्वी जिथे व्याख्यानमालेचा गौरवशाली इतिहास सांगितला जाई, तिथे ही गोष्ट सांगायची, नाव आणि देश वगळून.

गोष्ट तशीच सांगितली जाते. दर वर्षी. विबेके ती सांगतात तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या अजून लाल होतात आणि पहिल्या रांगेतल्या दाग्नीबाई हातातल्या गाण्याच्या पुस्तकाकडे पाहत राहतात. तुम्हाला मी नाव आणि देश सांगितला, कारण तुम्ही फार दूर आहात आणि माझ्याजवळ फोटो नाही.

विचारायला लागल्यावर आम्हाला काय काय कळले! कोणी म्हणते, आमच्या दोन्ही देशांचे लावा. एक तरुण म्हणाला, माझा देश आता नकाशावर नाही. एका म्हाताऱ्या राजदूताने म्हटले की मी आयुष्यभर झेंड्याशेजारी बसलो, आज जरा त्याच्याशिवाय बसू द्या. इतकी वर्षे मी टेबलावर उभा होतो, पाहुण्यांचे चेहरे उजळताना पाहत होतो. त्यांतले किती चेहरे रीत म्हणून उजळले असतील, हे आता मला मोजता येत नाही. बेटावरच्या त्या गृहस्थांचे अश्रूसुद्धा मी आता पूर्वीसारखे छाती काढून आठवत नाही.

गेल्या नोव्हेंबरात एब्बे ऐंशी वर्षांचे झाले. योगायोगाने बुधवार होता. व्याख्यानाला अवकाश होता, म्हणून समितीची माणसे सभागृहात जमली. विबेकेंनी केक आणला होता. वर साय आणि बदामाचे काप. दाग्नीबाई खणातून देशाचा लाल झेंडा घेऊन आल्या. सवयीने त्यांचा हात माझ्या दोरीपर्यंत आला आणि थांबला.

"एब्बे," त्या म्हणाल्या, "लावू का?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. या देशात ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्या वाढदिवशी असा प्रश्न कोणी कधी विचारला असेल असे मला वाटत नाही. एब्बे यांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांनी झेंड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. लहानपणापासूनचे सगळे केक त्या झेंड्याला लागलेले होते. त्यांना तो हवा होता, हे मी बघत होतो.

"फोन आला का गं, विबेके?" त्यांनी विचारले.

विबेकेंनी नाही अशी मान हलवली.

"मग आला की लावू," एब्बे म्हणाले. "केक कापा."

केक कापला गेला. गाणे म्हटले गेले, जरा खालच्या आवाजात. दाग्नीबाईंनी झेंडा खणात ठेवला, पण तळाशी नाही; सगळ्यांत वर.

मित्रांनो, तुमच्याकडेही पाहुणे येत असतील. त्यांच्या गळ्यात हार घालाल, त्यांच्यासाठी पाट मांडाल, त्यांच्या ताटात आपल्याला आवडणारे वाढाल. जरूर करा. पण वाढण्याआधी एकदा विचारा, चालेल का? तेवढ्या एका प्रश्नाने मान कमी होत नाही. आम्ही तो विचारला नाही, आणि दूरच्या एका गावात एक म्हातारी आई फोनजवळ बसून आहे.

माझी दोरी नवी आहे, गोळी घासलेली आहे. रोज सकाळी कोणीतरी दार उघडते, तेव्हा मी आधी हात पाहतो, त्यात एब्बे यांचा तो लाल झेंडा आहे का. अजून नाही. मी उभा आहे.